मातीचा अहवाल उघडेना

मी अमरावतीला घरूनच वेबसाइटी बनवते. अकोल्याच्या जुन्या शहरात एका ताईंची माती तपासायची लहानशी प्रयोगशाळा आहे. शेतकऱ्याने मोबाइलवर आपल्या नमुन्याचा नंबर टाकला की त्याचा अहवाल समोर यावा, एवढं काम त्यांनी मला दिलं होतं. अशी मागणी आली की ती झेलून उत्तर तयार करणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला हँडलर म्हणतात. ताईंच्या अहवालांची मांडणी इतकी त्यांची स्वतःची की तयार हँडलर चालेना. मग मी माझा लिहिला. आयुष्यातला पहिलाच.

माझ्या कॉम्प्युटरवर तो झकास चालला. फाइल ताईंना मेलने पाठवली, फोनवर सांगत सांगत त्यांच्याकडून प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर बसवून घेतली, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: हँडलर लोड होऊ शकला नाही. दोन दिवस फोनवर झटापट झाली. तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी अकोल्याला गेले.

फाइल जागेवर होती. परवानग्या ठीक होत्या. तासभर सगळं तपासलं, तरी तीच लाल ओळ. ताईंनी भातकुलीच्या एका झेंडूवाल्या शेतकऱ्याला आज अहवाल मोबाइलवर दिसेल असं सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. त्या मात्र स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"मले पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "फाइल तुया घरून इथं आली कशी?"

मी सांगू लागले. मेल केली, तुम्ही डाउनलोड केली, मग या फोल्डरात टाकली. डाउनलोड म्हणताना मी थबकले. बाहेरून आलेल्या फाइलवर कॉम्प्युटर एक खूण करून ठेवतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. फाइलची माहिती उघडली. अगदी तळाशी बारीक ओळ होती: ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे, म्हणून अडवलेली असू शकते. शेजारी ही अडवणूक काढायचा एक चौकोन. मी त्यात टिचकी मारली. साइट बंद करून पुन्हा सुरू केली.

पुन्हा लाल अक्षरं. पण वेगळी! मी खुर्चीवरून उठलेच.

"बिघडेलच हाय ना अजून?" ताईंनी विचारलं. "मंग खुश काहून होऊन राहिली?"

मी घाईघाईने समजावलं, की आधी सर्व्हर फाइल उघडायलाच तयार नव्हता. आता उघडून आत शोधतोय आणि म्हणतोय, या नावाचं इथे कोणी नाही. म्हणजे आपण पुढे सरकलो. हे ऐकून त्याही पडद्याकडे वाकल्या.

सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचं हँडलरचं नाव मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. नावात 'माती' शब्द होता. इंग्रजीत लिहिताना मी दोन 'ए' घातले होते, त्यांनी एकच.

"तू माती म्हनलं, मी मातीच लिवलं," त्या म्हणाल्या. चूक माझीच होती, मी अक्षरं सांगितलीच नव्हती. एक 'ए' वाढवला, नमुन्याचा नंबर टाकला. पान क्षणभर पांढरं झालं आणि मग अहवाल आला: मातीची आम्लता सांगणारा सामू, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं आपल्या जागी. मला एवढा आनंद झाला की मी तेच पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले. ताई एकेका जुन्या नमुन्याचा नंबर सांगत होत्या आणि प्रत्येक अहवाल उघडत होता.

मग त्यांनी भातकुलीच्या त्या शेतकऱ्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे तो मोबाइलवर आपल्या नमुन्याचा नंबर टाकू लागला.

"दिसून राह्यलं, ताई," शेतकरी म्हणाला. "पन अक्षर लय बारीक हाय. चश्मा लावून बी वाचता येत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. परतीच्या गाडीसाठी उचललेली पिशवी मी खाली ठेवली आणि हसत पुन्हा खुर्ची ओढली.