चॅट बंद करायची वेळ
धानाच्या बांधीतून तणनाशकाचा वास आला की मला गोंदियातली ती दुपार आठवते. शेती-औषधांच्या कंपनीत मी ग्राहकांना चॅटवर उत्तरं द्यायचे. केशोरीकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "पंप भरला. धानात मारू का?" मी बाटलीचा फोटो मागितला, तर तिकडून काहीच येईना. ग्राहक दोन मिनिटं गप्प राहिला की चॅट बंद करायची, असा नियम होता. स्क्रीनवरचा वेळेचा आकडा लाल झाला. मागून साहेब ओरडले, "बंद कर ना, टाइम खराब हो रहा है!" माझ्या बाबांनाही फोटो पाठवायला पाच मिनिटं लागतात, म्हणून मी हात आवरला. शेवटी फोटो आला. ते तणनाशक तणासोबत धानही जाळणारं होतं. "मारू नका!" मी लिहिलं. उत्तर आलं, "पाठीवर घेऊन राहिलो होतो, मॅडम. उतरवतो." महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या चॅटपुढे शेरा होता: 'विनाकारण लांबवली.' तो कागद मी अजून जपून ठेवलाय.