हातांचे बाण

बासष्टाव्या वर्षी बाईला वाटतं की आता आपल्याला सगळं कळतं. मला तर ठामच वाटायचं. आता सत्तरी ओलांडली आहे आणि ती बासष्टची पोर आठवली की तिचा कान पिळावासा वाटतो. जन्मभर बँकेत हिशेब तपासले होते बाईसाहेबांनी, त्यामुळे काहीही वाकडं दिसलं की हात शिवशिवायचे. मंदिरातल्या चपलासुद्धा सरळ करून ठेवायची. लोकांना वाटायचं, केवढी ही नम्रता. नम्रता कसली, खोड होती ती.

तेव्हाही मी या बेटाच्या पूर्व टोकाला, पासिर रिसच्या याच फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर एकटी राहत होते. लेक क्लेमेंटीला. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एकाच लाइनवर ती आणि मी, पण मी शेवटच्या स्टेशनाला, आणि ती पार लांब, तिच्या युनिव्हर्सिटीच्या बाजूला. तिचं काम वाऱ्याचं. वादळ येऊन गेलं की ही तिथे जाणार, पडलेली झाडं आणि उडालेले पत्रे बघणार आणि वारा कसा आला होता ते सांगणार. मी तिला म्हणायचे, "आलेला वारा गेला, आता त्याची चौकशी कशाला?" ती नुसती हसायची.

त्या आठवड्यात सगळीकडेच काहीतरी बिघडलं होतं. खाडीपलीकडे जोहोरला घरांचे पत्रे उडाले, समोरच्या बातम बेटाच्या बाजूला होड्या उलटल्या. आमच्याकडे पहाटे पश्चिमेकडून ढगांची लांब ओळ यायची, तासभर झोडपायची आणि समुद्रावर निघून जायची. इथे त्या वाऱ्याला सुमात्राच म्हणतात, कारण तो तिकडून येतो. त्याची सवय होती. पण इतक्या लागोपाठ ओळी मी कधी पाहिल्या नव्हत्या. साळुंक्या सुद्धा आवाज न करता पार्किंगच्या छपराखाली बसलेल्या असायच्या.

त्या दिवशी सकाळी मी चहा टाकला आणि माझे कान बंद झाले. विमान खाली उतरताना होतात तसे. खिडकीबाहेर हिरवट काळोख होता. नेहमीचा सुमात्रा धावत येतो आणि धावत जातो. हा आवाज पुढे सरकेना. एका जागी घोंघावत राहिला, जणू खाली कुणीतरी उभं राहून कुठल्या मजल्यावर यायचं ते ठरवत होतं. मग स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बांबूवरचे कपडे एकदम वर उठले, खाली नाही, बाजूला नाही, वर. माझा बांबू भिंतीतल्या भोकातून सुटला आणि दिसेनासा झाला. मी गॅस बंद करून देवासमोर जाऊन बसले. हे सांगायला हरकत नाही, मी फार घाबरले होते.

सगळं थांबल्यावर खाली गेले. आमच्या ब्लॉकच्या पश्चिमेला मुलांचं खेळायचं अंगण आहे, त्याच्या मधोमध एक भला मोठा पर्जन्यवृक्ष होता. तो तसाच उभा होता. त्याच्या भोवती नवीन लावलेली झाडं होती, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी मोठी. ती सगळी मुळासकट आडवी. आणि पर्जन्यवृक्षाच्या बाहेर आलेल्या फांदीवर, साऱ्या पासिर रिसला दिसेल असा, माझा जांभळा परकर लटकत होता.

खाली माणसं जमली होतीच. सातव्या मजल्यावरची माझी चिनी मैत्रीण होती. ती मला आंटी म्हणायची, मी तिला आंटी म्हणायचे, कारण दोघींनाही एकमेकींची नावं धड उच्चारता येत नव्हती. वाक्याच्या शेवटी ती 'ला' लावायची, इथल्या बोलण्याची सवय ती. ती रोज सकाळी त्याच झाडाखाली उभी राहून हात पुढे-मागे झुलवण्याचा व्यायाम करायची. वर्षानुवर्षं, न चुकता. तिच्याशेजारी तळमजल्याच्या बाकांवर बसणारे मलय काका होते, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले.

"आंटी, तो तुझा ना?" तिने वर बोट दाखवलं.

"माझा नाही," मी म्हणाले.

"जांभळा फक्त तुझ्याकडे आहे ला. मी रोज बांबूवर बघते."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्या गटातले बाकीचे बुकित पंजांगकडे निघाले होते आणि आमच्या बाजूचं ती एकटी बघणार होती. "आई, तासाभरात पोचते," ती म्हणाली.

आणि इथे त्या बासष्टच्या पोरीच्या अंगात आलं. लेक येणार, तीही ऑफिसच्या कामाने, आणि आपलं अंगण असं? पाहुणे यायच्या आधी घर आवरायचं असतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने मलय काकांकडून लांब काठीने परकर काढून घेतला आणि पिशवीत कोंबला. मग सगळ्यांना कामाला लावलं. आडवी झाडं ओढून आणा, मुळांचे खड्डे बुजवा, वाटेच्या कडेने एकाशेजारी एक ठेवा, शेंडे सगळे एका बाजूला. माणसं ऐकत होती, कारण मी हुकूम सोडते तेव्हा ऐकणं सोपं पडतं. आंटीने सुद्धा एक झाड ओढलं. सगळं झाल्यावर अंगण इतकं छान दिसायला लागलं की मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग पुन्हा एक सर आली आणि ओढल्याच्या खुणाही धुऊन गेल्या.

लेक आली ती फोनवर नकाशा उघडूनच. एकेका झाडापाशी उभी राहायची, फोटो काढायची आणि नकाशावर एक बाण ओढायची. झाडाचा शेंडा जिकडे, बाण तिकडे.

"सफाईवाले येऊन गेले का गं?" तिने विचारलं.

"नाही, अजून यायचेत," मी म्हणाले. खरंच होतं ते. या शहरात पडलेली वस्तू सफाईवाल्यांशिवाय कुणी हलवत नाही, म्हणून तिने तेवढंच विचारलं. अंगण आम्ही आवरलं हे तिला सांगावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. घर आवरलेलं कुणी सांगतं का?

"फारच शिस्तीत पडलीत," ती पुटपुटली. मला वाटलं, शाबासकी मिळाली.

मग वर चहाला आलो. ती फोनवर झाडं बघणाऱ्या ऑफिसशी बोलत होती. सगळ्या बेटावर झाडं पडलेली, माणसं अपुरी, उद्या सकाळी आणखी एक ओळ येणार, त्याआधी कुठली उभी झाडं तपासायची ते लोक तिच्यासारख्यांना विचारत होते. ती म्हणाली, "इथे वारा सरळ पश्चिमेकडून आला. सगळे बाण पूर्वेला. मोठं झाड खंबीर आहे, ते मागे ठेवा. दुसरीकडे जा."

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "आणि बाण सगळे एका बाजूला नसते तर?"

"तर वारा गरगर फिरला असता. मग मधल्या झाडाला त्याने पिळून काढलं असतं, मुळं आतून तुटली असती. वरून काही दिसत नाही. ते झाड उद्या मी उभं राहू दिलं नसतं." ती बिस्किट बुडवत होती. "का?"

माझ्या हातातला कप खाली ठेवायला मला जागा सापडेना. बाल्कनीतून अंगण दिसत होतं. झाडाखाली आंटी उभी होती. सकाळी पावसाने व्यायाम बुडाला म्हणून ती आत्ता हात झुलवत होती. पुढे, मागे. पुढे, मागे.

"अगं," मी म्हणाले, "ती झाडं तशी पडली नव्हती. आम्ही तशी ठेवली."

तिने बिस्किट बशीत ठेवलं. "आम्ही म्हणजे?"

"मी आवरायला लावलं. तू येणार म्हणून."

"आई." तिने नकाशा पुन्हा उघडला. मग तिने विचारलं, "आणखी काही हलवलंय?"

मी आत गेले आणि पिशवी आणून टेबलावर ठेवली. तिने परकर बाहेर काढला. "हा कुठे होता?"

"मोठ्या झाडावर."

ती उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. माझा बांबू जिथे होता तिथून तिने झाडाकडे पाहिलं. वारा पश्चिमेकडून सरळ आला असता तर परकर पूर्वेला जायला हवा होता, ब्लॉकवरून पार बसस्टॉपकडे. तो वाऱ्याच्या तोंडावर, उलटा पश्चिमेला गेला होता. हे कळायला मला वाऱ्याचं शिक्षण नको होतं. तिचा चेहरा पुरेसा होता.

"कुठलं झाड कसं होतं, कुणाला आठवतंय का?" ती म्हणाली.

आम्ही खाली गेलो. मी सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. या वेळी हुकमाचा आवाज निघेना, विनवलंच. ज्याने जे झाड ओढलं त्याने ते जिथे पडलं होतं तिथे उभं राहायचं आणि शेंडा जिकडे होता तिकडे हात करायचा. लोक हसत हसत पांगले. मलय काका झोक्याजवळ उभे राहिले. एक जोडपं घसरगुंडीपाशी. आंटी वाटेच्या पलीकडे गेली. मी स्वतः वाळूच्या कडेला उभी राहिले, कारण एक झाड मी ओढलं होतं. आणि मग सगळ्यांनी हात वर केले.

हसू कधी थांबलं ते कळलं नाही. अंगणाच्या चारी बाजूंना म्हातारी माणसं हात लांब करून उभी, आणि प्रत्येक हात आतल्या बाजूला, जरासा तिरका, एकाच जागी वळलेला. मोठ्या झाडाकडे. पश्चिमेला पुन्हा काळं दाटायला लागलं होतं. कुणीही हात खाली घेईना. लेक मध्ये उभी राहून बाण ओढत होती, आणि मला वाटलं की सकाळी जे इथे थांबलं होतं ते या सगळ्या बोटांच्या मधोमध अजून उभं आहे.

तिने लगेच फोन केला. तिकडून उत्तर आलं, आज माणसं नाहीत, उद्या दुपारी येऊ. तोवर पट्टी बांधून ठेवा. कुणी खाली जाऊ नये म्हणून झाडाभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. लेकीने आंटीला नीट समजावून सांगितलं. आंटीने मान डोलावली. लेक क्लेमेंटीला परत गेल्यावर आंटी मला म्हणाली, "हे झाड माझ्या नवऱ्याला ओळखायचं. मला काही करणार नाही. पट्टी मुलांसाठी आहे ला."

त्या बाईशी वाद घालून उपयोग नव्हता. हे मात्र त्या बासष्टच्या पोरीला बरोबर कळलं, तेवढं श्रेय देते तिला. मी म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याकडे नाश्त्याला ये. उजाडताच."

ती आली. पोहे केले होते. ओळ वेळेवर आली, पश्चिमेकडून, सरळ, नेहमीच्या सुमात्रासारखी. आम्ही दोघी खिडकीशी बसून बघत होतो. मोठं झाड हललं, वाकलं, पण उभं राहिलं. पाऊस ओसरला. वारा पडला. पानं सुद्धा हलेनात.

"बघितलंस?" आंटी म्हणाली आणि उठली. "मी जाते खाली. काल अर्धाच व्यायाम झाला."

"एवढे पोहे घे ना आधी."

"पोट भरलं."

"थोडेसे. माझ्यासाठी." मी तिच्या ताटलीत वाढलेच. तिने ताटलीवर हात आडवा धरला होता, मी हाताच्या कडेने वाढले. आमच्याकडे असंच वाढतात. पाहुण्याचं नाही आम्ही ऐकूनच घेत नाही. ती वैतागून उभ्या-उभ्याच खाऊ लागली, कोथिंबीर बाजूला काढत. मग मी लिंबू आणलं. मग म्हटलं, चहा टाकते. ती म्हणाली, "आंटी, तू मला कोंडून ठेवतेस."

"हो," मी म्हणाले.

ती चपला घालायला दारापाशी गेली. मी तिच्यामागे ताटली घेऊन. बाहेर अगदी शांत होतं. आणि त्या शांततेत, वारा नसताना, झाड पडलं.

आवाज मोठा नव्हता. आधी खालून काहीतरी फाटल्यासारखं झालं, मग एक लांब उसासा, मग अकराव्या मजल्यावरच्या आमच्या जमिनीला हादरा. आम्ही दोघी बाल्कनीच्या कठड्याशी गेलो. झाड अंगणभर पसरलं होतं. तिची उभं राहायची जागा फांद्यांखाली होती. मुळांचा वर आलेला भाग मला एवढ्या उंचावरून दिसत होता, आणि तो पिळलेला होता, धुणं पिळावं तसा.

आंटीने चपला काढल्या. आत येऊन खुर्चीवर बसली. ताटली पुढे सरकवली. मी वाढलं. या वेळी तिने कोथिंबीरही खाल्ली. 

दुपारी लेक आली. आता काही आवरलेलं नव्हतं. अंगणात पाऊल ठेवताना मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. ती म्हणाली, "आई, आता काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तू बघ."

त्या जागी इतक्या वर्षांनी यंदा नवं झाड लावलंय. माझ्या खांद्याला येतं आता. तीन काठ्यांना बांधलंय, तरी जरा कललेलं. आंटी त्याच्या बाजूला उभी राहून हात झुलवते आणि मला जवळ येताना पाहिलं की लांबूनच म्हणते, "डोन्ट टच, आंटी." मी हात लावत नाही. फक्त ते कुठल्या बाजूला कललंय ते रोज बघून ठेवते.