मी आणि आप्पा, एकच प्रवासी

मंडळी, मी आणि माझे वडील ही दोन वेगळी माणसं आहेत, हे पटवून देताना आज सकाळी उजळाईवाडीच्या विमानतळावर माझा घसा बसला.

उद्या बेंगळुरूत आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. फाउंड्रीच्या कामासाठी माझं विमानाने सारखं जाणंयेणं, म्हणून दोघांची तिकिटं मीच काढलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, एकच प्रवासी दिसतोय. दुसरं तिकीट डुप्लिकेट म्हणून रद्द झालंय."

आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आप्पा संभाजी आनंदा पाटील, मी आनंदा संभाजी पाटील. माझं खातं एका विमान कंपनीत, आप्पांचं दुसरीत, आणि मोबाईल नंबर दोन्हीकडे माझाच. कंपन्या एक झाल्या आणि सिस्टीमने आम्हा बापलेकांनाही एक करून टाकलं.

"अवो, बाप समोर बसलाय की माझा," मी ओरडलो. ती बिचारी फोनवर फोन लावत होती. रांग संपली. आप्पा छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलेले. गेट बंद होता होता तिने पळत येऊन त्यांचा पास दिला.

विमान उडाल्यावर आप्पा बोलले. "तुझं नाव ठेवलं तवा सगळी म्हणाली, म्हातारा परत आला. आज त्याच नावापायी माझंच तिकीट कापलं की."

तुमच्या घरात असं कुणाचं झालंय का?

उद्या हॉस्पिटलात पेशंट संभाजी आनंदा, नातेवाईक आनंदा संभाजी. आज मला झोप लागायची नाही.