चव कोणी पाहायची?

मांस शिजत असलेले पातेले मी आयुष्यात एकदाच ढवळले.

ज्यांच्या हुकमावरून ढवळले, त्या हॅनाबाई आज सकाळी लंडनमध्ये वारल्या.

साठचे दशक संपत आले होते. मी ग्लासगोला तर्कशास्त्रात पीएच.डी. करत होतो. त्या डिसेंबरात आमचे पहिले मूल जन्मतःच गेले.

माझी बायको कुमुद वॉर्डमध्ये मराठीत कण्हत होती. एका स्टाफ नर्सने मराठीतच विचारले, "काय होतंय गो बाय?"

त्या हॅनाबाई. मुंबईच्या बेने इस्राएल ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या.

घरी आल्यावर कुमुदने खाणे सोडले, आणि जवळजवळ बोलणेही. अर्धा कप चहा आणि "नको". असेच चालले तर पुन्हा ॲडमिट करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मी मऊ भात केला. तिने का खाल्ले पाहिजे, याची कारणे क्रमवार मांडली.

कारणे निर्दोष होती. तिने कूस बदलून भिंतीकडे तोंड केले.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या दुपारी हॅनाबाई तीन जिने चढून आल्या. हातात कागदात गुंडाळलेला टर्कीचा सांगाडा.

वॉर्डमध्ये ख्रिसमसला मुख्य सर्जन स्वतः टर्की कापून पेशंटना वाढत. त्या दिवसाची ड्यूटी हॅनाबाई दरवर्षी आपणहून घेत. "माझा सण नाही, मग माझं काय जातंय?" उरलेली हाडे त्यांनी वॉर्डच्या मुख्य सिस्टरकडून मागून आणली होती.

"प्रोफेसर, पातेलं काढा. सगळ्यात मोठं."

मी प्रोफेसर नव्हतो. तो त्यांचा टोमणा होता.

"हॅनाबाई, या घरात मांस शिजत नाही."

"तुम्ही खात नाही. हिचं काय?"

कुमुद माहेरी मासे-मटण खाणारी. लग्नानंतर तिने सोडले. मी तशी अट घातली नव्हती. अट घालावीच लागू नये, अशी आमच्या घरची व्यवस्था होती.

मी पातेले काढले.

त्यांची पद्धत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. हाडांना चिकटलेले मांस सोडवून बाजूला ठेवायचे. हाडे ओव्हनमध्ये तांबूस होईतो भाजायची. मग थंड पाणी; गरम कदापि नाही. कांदा सालासकट, गाजर, आले, लसूण, मिरी, दालचिनीचा तुकडा. आच इतकी मंद की पाणी नुसते थरथरावे. वर येणारा फेस काढत राहायचे. हे काम माझ्याकडे आले.

"उकळू देऊ नका हो! गढूळ होईल. तुमच्या थीसिससारखं."

तीन तासांनी त्यांनी ते गाळले, मूठभर शिजवलेली बार्ली आणि ते मांस त्यात सोडले, मला ढवळायला लावले, आणि चमचा माझ्यापुढे धरला.

"चव बघा."

"मी? तुम्ही बघा."

"हे कोशर नाही, आमच्या धर्मात चालत नाही. मी तोंडात घालणार नाही. म्हणून तर तुमच्या पातेल्यात केलं."

"मीही घालणार नाही. मी शाकाहारी आहे."

सूप तयार होते, आणि ते चाखू शकेल असे माणूस शेगडीपाशी नव्हते.

"समोरच्या घरातल्या स्कॉटिश बाईंना बोलावू," मी सुचवले.

"त्या? मिरी बघूनच पळतील."

"मग प्रमाणावरून अनुमान काढता येईल. सहा पाइंट पाण्याला—"

"आटलं किती? मोजलंत?"

"नाही, पण अंदाजे—"

"अंदाज आणि अनुमान यांत फरक असतो ना हो प्रोफेसर? की तो फक्त युनिव्हर्सिटीत?"

मी फरक समजावू लागलो. त्या मध्येच तोडू लागल्या. आवाज चढले.

ग्लासगोच्या त्या जुन्या घरांत पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात असे, पुढे पडदा.

पडदा सरकला.

"अहो, किती वेळ तेच तेच! द्या इकडे तो चमचा."

शाल गुंडाळून कुमुद उठून आली. तिने फुंकर मारली आणि चाखले.

"मीठच नाही घातलंय कुणी."

"मग घाल गो बाय," हॅनाबाई म्हणाल्या. फार हळू.

तिने मीठ घातले, पुन्हा चाखले, थोडे अजून घातले. मग शेगडीपाशी उभ्याउभ्याच वाटीभर प्यायली. दुसरी वाटी घेताना ती रडू लागली. मूल गेल्यानंतर पहिल्यांदाच.

हॅनाबाईंनी तिला जवळ घेतले आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले.

"जिन्यात जाऊन उभे राहा जरा."

मी उभा राहिलो. बराच वेळ.

पुढे आम्ही दोन्ही घरे लंडनला आलो. सत्तरच्या दशकात एकदा मी त्यांना सरळ विचारले: मीठ मुद्दाम घातले नव्हते ना?

"मी काय नाटक कंपनीतली आहे? तुमच्या बडबडीत राहिलं."

दोन्ही शक्यतांना पुरावा सारखाच आहे. मी निकाल दिलेला नाही.

दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल मात्र केव्हाच लागला आहे, आणि तो माझ्याविरुद्ध आहे. नियम आम्हा दोघांनाही होता. हॅनाबाई आपला नियम पाळून एका परक्या मुलीसाठी तीन तास हाडे शिजवत राहिल्या. मी माझा नियम पाळला, आणि माझी बायको भुकेली पडली असताना एक चमचा तोंडात घालू शकलो नाही.

हे कुमुदला मी कधी बोललो नव्हतो. आज फोन आल्यावर बोललो.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. उठा, काळा कोट काढा."

दफन उद्याच आहे. त्यांच्यात फुले नेत नाहीत. प्रत्येकाने थोडी माती लोटायची असते. कुमुदचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण ती स्वतः उभी राहणार आहे. मी तिला धरून असेन.

हॅनाबाई, येतो आम्ही.