भाऊजींचं मत

मतदान या गोष्टीवर आमच्या भाऊजींइतकं जीव ओवाळून टाकणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही, आणि पस्तिशी उलटेपर्यंत ज्याला एकदाही मत देता आलं नव्हतं असाही दुसरा कोणी भेटलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र आणि आयर्लंडमधल्या ल्यूकन गावातले आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या हे त्यांचं काम, आणि ऑफिस सुटलं तरी ते काही सुटत नसे. आमच्याकडे चहाला आले की स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दोनदा उघडून मिटून बघत आणि "वहिनी, हे बिजागर वर्षभरात जाणार" असं शांतपणे सांगत. बिजागर वर्षभरात जाई. बोलायला लागले की समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत, कारण त्या वाक्याचा शेवट आपल्याला आधीच कळला आहे अशी त्यांची खात्री असे. बहुतेक वेळा तो कळलेलाही असे, हे जास्त त्रासाचं होतं.

मत न देता येण्याची कहाणी मात्र त्यांच्याच तोंडून ऐकावी. पहिली निवडणूक आली तेव्हा अठरा पूर्ण व्हायला थोडे दिवस कमी पडले. दुसरीच्या वेळी ते पुण्यात नोकरीला आणि यादीतलं नाव नागपुरात. तिसरीसाठी रजा टाकून निघाले, तर गाडी इतकी रखडली की घरी पोचले तेव्हा शाळेतल्या मतदान केंद्राच्या खोल्या झाडणं चाललं होतं. त्यानंतर आयर्लंड. नागपूरला त्यांचे वडील एकटे राहात. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, पत्नी आधीच गेलेली. मतदार यादी तपासायला कोणी दारात आलं की ते मुलाचं नाव कायम ठेवायला लावत. "नोकरीसाठी बाहेर हाय, येते तो," एवढंच सांगत. एकदा कोणीतरी ते नाव परस्पर उडवलं, तेव्हा म्हातारबाबा तहसील कचेरीत खेटे घालून ते परत लावून आले. भाऊजी हे सांगताना हसत, पण हसता हसता चष्मा काढून पुसत.

दोन हजार आठ साली युरोपच्या कराराला हो म्हणायचं की नाही, यावर इथे सार्वमत झालं. राज्यघटनेत बदल करायचा तर या देशात थेट लोकांना विचारावं लागतं, ही गोष्ट कळल्यापासून भाऊजी या देशाच्या प्रेमातच पडले. आम्हा कोणालाच मत नव्हतं, आम्ही नागरिक नव्हतो. तरीही भाऊजींनी तो अख्खा करार वाचला. विजेच्या खांबांवर दोन्ही बाजूंचे फलक लागले होते, ते वाचायला रस्त्याकडेला गाडी थांबवत आणि मागच्या सीटवरून त्यांची मुलगी म्हणे, "बाबा, इट्स ग्रँड, लेट्स गो." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'ठीक आहे'. बसचा ड्रायव्हर, दुकानातली बाई, डॉक्टर, जो सापडेल त्याला ते विचारत की तुम्ही करार वाचलात का. लोक सौजन्याने हसत. करार पडला. पुढच्या वर्षी थोड्या हमी देऊन सरकारने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि लोकांनी हो म्हटलं, तेव्हा सगळा देश त्यावर वाद घालत होता. भाऊजींना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "आमच्याकडे याला रिटेस्ट म्हणतात," म्हणाले.

मधल्या काळात स्थानिक निवडणूक झाली. तिथे मात्र नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही मत असतं. भाऊजी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे. इथे एका नावापुढे शिक्का मारून मोकळं होता येत नाही. उमेदवारांना पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे क्रमांक द्यायचे असतात. बहुतेक लोक दोन-तीन आकडे लिहून बाहेर येतात. भाऊजींनी शेवटच्या नावापर्यंत क्रमांक दिले, आणि कोणाला शेवटचा द्यायचा यावर पहिल्यापेक्षा जास्त विचार केला. मतकक्षातली दोरीला बांधलेली पेन्सिल ओढून पाहिली ती वेगळीच. सगळं झाल्यावर केंद्रावरच्या बाईंपुढे बोट धरून उभे राहिले. बाईंना कळेना. शेवटी त्यांनी बोटाला काही लागलंय असं समजून टिश्यू पुढे केला. इथे शाई लावत नाहीत हे भाऊजींच्या मनाला फार लागलं. घरी येऊन त्यांनी मुलीच्या मार्करने बोटावर रेघ ओढली, फोटो काढला आणि नागपूरला पाठवला. वडिलांनी तो शेजाऱ्यांना दाखवला, म्हणे.

त्या मतदानाचं वेड पुढे आम्हा सगळ्यांना भोवलं. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी गणपतीत "या वेळी तू हो" अशा पद्धतीने ठरायचा. भाऊजींनी हट्ट धरला की पसंतीक्रमाने, गुप्त, रीतसर निवडणूक व्हायलाच हवी. तीन उमेदवार, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, आणि खोक्याला भोक पाडून केलेली मतपेटी. पहिल्या फेरीत कोणालाच निम्मी मतं मिळेनात, मग तिसऱ्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, त्यात दोन चिठ्ठ्यांवर एकऐवजी स्वस्तिक काढलेलं. भाऊजी त्या बाद करतात की मान्य, यावर आरती लांबली. मोदक गार झाले. शेवटी जो निवडून आला त्याने उभं राहायला होकारच दिलेला नव्हता, बायकोने परस्पर नाव दिलं होतं. "पण निर्णय वैध आहे," भाऊजी म्हणाले, आणि त्या वर्षी मंडळ खरोखर बरं चाललं.

मग नागरिकत्वाचा प्रश्न आला. मंदीमुळे आसपासच्या घरांतून माणसं देश सोडून जात होती, आणि इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे भाऊजींच्या बायकोचं म्हणणं साधं होतं: मुलगी इथे वाढतेय, आपण कायमचं काय ते ठरवू या. आमच्याही घरी तेच चाललं होतं. पण आयरिश झालं की भारताचं नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर नागपूरच्या यादीतलं ते नाव. भाऊजींनी वर्ष काढलं. अर्ज भरून ठेवत, टपालात टाकत नसत. शेवटी टाकला. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. भाऊजी इतक्या हळू आवाजात बोलले की शेजारी बसून मला ऐकू आलं नाही.

वडिलांना सांगायचं राहिलं होतं. शपथेनंतरच्या रविवारी मी भाऊजींकडे पोहे खायला गेले होते आणि संगणकावर वडिलांशी बोलणं सुरू होतं. भाऊजी वडिलांशी बोलताना आपोआप नागपुरी होत. त्यांनी शपथेचं सांगितलं. पडद्यावर म्हातारबाबा कॅमेऱ्याजवळ सरकले.

"मंग इथलं नाव?" त्यांनी विचारलं.

"काढा लागन, बाबा."

"बरं. पाह्यतो मी."

भाऊजी काहीतरी समजावायला लागले, तर वडिलांनी त्यांना मध्येच थांबवलं. "तिकडं काय काय असते मतदानाले?"

"राष्ट्रपती निवडा लागते. थेट लोकच निवडतात."

"आपन? राष्ट्रपतीले?"

"हो."

"आपल्या घरात तर कोनं राष्ट्रपतीले मत नाही देल्लं." म्हातारबाबांनी मान हलवली. "मंग जाय. घाई नोको करू. पाहून दे."

त्यानंतर त्यांनी स्वतः तहसील कचेरीत जाऊन, रांगेत उभं राहून, मुलाचं नाव कमी करून घेतलं. फोनवर एका वाक्यात सांगितलं की काम झालं, आणि पाठोपाठच्या दोन रविवारी बोलायला आले नाहीत. ताप आहे म्हणाले. भाऊजींनी त्यावर आमच्याशी चकार शब्द काढला नाही. त्या दिवसांत त्यांनी कोणाच्या घरातलं काही दुरुस्तीला आलंय हेही सांगितलं नाही.

ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांची निवडणूक झाली, आणि त्याच दिवशी घटनेतल्या दोन दुरुस्त्यांवर मतदान. एक न्यायाधीशांच्या पगाराची, एक संसदेला चौकशीचे जास्त अधिकार देण्याची. तीन कागद हातात आल्यावर भाऊजी आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. बाहेर आल्यावर कोणाला दिलं ते सांगितलं नाही. गुप्त म्हणजे बायकोपासूनही गुप्त, हा त्यांचा नियम. पण आम्ही सगळे गाडीत बसताच वडिलांना फोन लावला आणि नुसतं म्हणाले, "देल्लं, बाबा." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. भाऊजींनी फोन खिशात ठेवला आणि गाडी सुरू करायला विसरून तसेच बसून राहिले.

दोन हजार तेराच्या पावसाळ्यात म्हातारबाबा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, शेजाऱ्यांच्या ध्यानात संध्याकाळी आलं. भाऊजी दुसऱ्या दिवशी पोचले. दिवसवार करून, घर बंद करून परत आले तेव्हा वाळलेले दिसत होते. बायको म्हणे, जेवतात, झोपतात, ऑफिसला जातात, पण घरात असल्यासारखे वाटत नाहीत. मी चहाला बोलवत असे. ते येत, कप संपवत आणि जात. माझी वाक्यं मी पुरी करत असे आणि ती पुरी करताना मला अवघडल्यासारखं होई.

अशातच नवं सार्वमत आलं. संसदेचं वरचं सभागृह बंद करायचं का, हा प्रश्न होता, आणि जोडीला नव्या न्यायालयाचा एक. खांबांवर फलक लागले. भाऊजींची गाडी एकाही खांबापाशी थांबली नाही. एरवी त्यांनी घरोघर येऊन आम्हाला दोन्ही बाजू समजावल्या असत्या. या वेळी आमचं आम्हालाच वाचावं लागलं. मतदानाच्या दिवशी संध्याकाळ होत आली तरी ते गेलेले नाहीत असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं. मी जाऊन दार वाजवलं. "चला भाऊजी, मी निघालेय," म्हटलं. त्यांनी जाकीट घातलं.

शाळेतल्या मतदान केंद्रावर गर्दी नव्हती. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. आवारात मुलांसाठी ठेवलेला बुटका बाक होता, त्यावर ते बसले. गुडघे जवळजवळ छातीला लागत होते. मीही शेजारी बसले.

"वहिनी, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यादीवाली बाई आली होती," ते म्हणाले. "शाळेत शिकवणारी, लहान वयाची. उन्हातून चालत आलेली, तिला पाणी दिलं. तिने विचारलं, घरात मतदार किती? बाबांचं नाव तिच्या कागदावर होतं. मी म्हटलं, ते वारले, कमी करा. तिने रेघ मारली. मग म्हणाली, तुमचं नाव सांगा. मी म्हटलं, माझं नाही इथे. तर ती म्हणते, मग तुम्ही कोण?"

भाऊजींनी जाकिटाची चेन वर ओढली.

"मुलगा आहे म्हटलं. तर म्हणाली, मुलगा आहात तर नाव का नाही? आता तिला काय सांगायचं? बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं, येते तो म्हणून. मी दारात उभा होतो, वहिनी, आमच्याच दारात. तिने घराच्या नंबरापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेली."

आवारात वारा सुटला होता. एक आयरिश आजोबा काठी टेकत आत गेले, जाताना त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली. भाऊजींनीही मान हलवली.

"तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले, "त्या वरच्या सभागृहाचा तसा काही उपयोग नाही. मी वाचलंय. काही अडवता येत नाही त्यांना. बसलेले असतात, विचारत राहतात, थोडा उशीर करतात. टेस्टर म्हणून मी ते केव्हाच काढून टाकलं असतं." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "आज हातात पेन्सिल घेतली आणि काढवेना. राहू दे म्हटलं. असू दे घरात."

इतक्या वर्षांत त्यांनी आपलं मत मला सांगितलं ते एवढंच. आम्ही घरी आलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला काही न विचारता चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. थोडक्या मतांनी ते सभागृह राहिलं. मी भाऊजींना फोन करून सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या बाबांचे गुडघे कसे आहेत आता?" माझे बाबा सांगलीला असतात, त्यांची चौकशी भाऊजींनी याआधी कधी केली नव्हती. मी सांगायला लागले: डॉक्टर काय म्हणाले, बाबा काठी घ्यायला कसे तयार नाहीत, सकाळी पेपर आणायला अजून स्वतःच कसे जातात. सांगता सांगता बोलणं लांबलं. पलीकडून भाऊजी नुसतं हं, हं म्हणत होते, आणि मी थांबले की हळूच म्हणत होते, "मग?"