लाडू कुणाच्या पिशवीत

सकाळपासून मी तीनदा उठले, तीनदा बसले. सातपूरच्या हॉलात नातीचं लग्न, आणि घालमेल नवरीपेक्षा आजीची जास्त. सून म्हणाली, "आई, पोटात दुखतंय का?"

पोटात काही नव्हतं. देवळ्याकडून अहिराणी गाणी म्हणणारी एक मुलगी बोलावली होती आणि पंगतीत ती माझं गाणं म्हणणार होती. ते माझं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हल्ली सगळ्यांच्या फोनवर ते 'पारंपरिक' म्हणून फिरतं. म्हणजे रचणारी बाई कधीच मेली.

दोष माझाच. माहेरी देवळ्याला शेतात कांद्यांची पात काटताना मी गाणी जुळवायची आणि लग्नसराईत गात फिरायची. आवाज खणखणीत, अक्कल बेताची. व्याहिणीला चिडवायचं हे गाणं लोक मागून मागून म्हणवून घेत. "ईहीन उनी मिरवत मिरवत, लाडू तिना पिशवीमा." व्याहीण आली तोऱ्यात, पण लाडू चोरून पिशवीत. शेवटच्या कडव्यात त्या त्या लग्नातल्या व्याहिणीचं नाव घालायचं, ही रीत.

मग नाशकात माझी कॅसेट निघाली. कव्हरवर मी उसना गॉगल लावून, मान तिरकी, जणू बस चुकलीय आणि बाईला फिकीर नाही. कॅसेटवाला म्हणाला, "ताई, शेवटी तुमचं नाव ओवा. गाणं कुणाचं ते कळू द्या."

मी नाक उडवलं. "नाव कशाला? लोक आवाजावरनं ओळखतील." नावाच्या जागी नुसती ढोलकी ठेवली. ज्यानं त्यानं आपली व्याहीण भरावी. काय हुशारी वाटली होती स्वतःची! लोकांनी भरल्या की गावोगावच्या व्याहिणी. पुढे नवऱ्याच्या शिफ्टचे डबे भरता भरता माझं गाणं सुटलं, आणि ज्यावरनं ओळखायचं तो आवाजही बसला.

पंगत बसली. मुलीचा गळा गोड. माइकवर म्हणाली, "हे आमच्या पणजीच्याही आधीचं गाणं." जिलेबी माझ्या हातातच राहिली. सांगावं तर म्हातारी चळली म्हणतील. न सांगावं तर माझं गाणं माझ्यादेखत पणजीच्या नावावर जाणार.

शेवटचं कडवं आलं. तिनं विचारलं, "व्याहीणबाईंचं नाव काय?"

मी उठले, माइक घेतला आणि फाटक्या आवाजात माझंच नाव घातलं. लाडू माझ्या पिशवीत.

मुलगी कानाशी लागली. "आजी, चुकलं. व्याहीणबाई त्या तिकडं."

"व्याहीण ती हाय. गाणं माझं हाय."

तेवढ्यात नवरदेवाच्या आईनं पंगतीतून आवाज दिला, "मग माझं कडवं कुठंय? एवढी पैठणी नेसून आले, मला कुणी चिडवायचंच नाही का?"

खरंच होतं. टोमणा न मिळालेली व्याहीण जन्मभर रुसते. मुलीनं हळूच विचारलं, "आजी, आता तुमचं नाव कुठं ठेवू?"

"मिरवू दे तिला. पिशवी माझ्या नावाची ठेव."

तिनं तसंच म्हटलं. व्याहीण पदरात तोंड लपवून हसली. मी जिलेबी खाल्ली, गार झालेली.

आता ऐकलंय, त्या मुलीला पुढच्या आठवड्यात ओझरच्या एका लग्नात गायला बोलावलंय. तिथं पिशवी कुणाची म्हणेल ती? सकाळपासून दोनदा उठलेय.