कोहळ्यांचं टोपलं

नोकरीतली मोठमोठी प्रकरणं मी विसरलो, पण कोहळ्यांच्या टोपल्याची ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. अमरावतीत एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सणांचे दिवस, शहरात शस्त्रबंदीचा आदेश लागलेला. चाकू, सुरा, कोयता, जे सापडेल ते नाकाबंदीवर जमा करायचं. मी कडक माणूस. एकाला सूट दिली की दहा जण हात पसरतात, हे माझं ठाम मत.

नांदगाव खंडेश्वरकडून भाजी विकायला येणाऱ्या एका चाळिशीतल्या बाईच्या कमरेला विळा खोचलेला होता. तो मी काढून घ्यायला लावला.

"साहेब, भाजी कापाले लागते जी. अन बाजारात मी एकटीच येतो."

"आदेश आहे. पावती घ्या."

"मंग कोनी अंगावर आलं त मी का करू?"

"मोठ्यानं ओरडा," मी म्हणालो आणि पुढच्या गाडीकडे वळलो. कमरेला पिस्तूल लावून असा सल्ला देणं फार सोपं असतं.

त्या महिन्यात बसस्टँडवर भाजीवाल्या बायकांच्या गळ्यातली पोत ओढल्याचे दोन गुन्हे दाखल होते. पद्धत एकच. भरलेलं टोपलं डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. एक माणूस अदबीनं पुढे यायचा, "मावशी, हात लावू का?" म्हणायचा. टोपलं चढलं, बाईचे दोन्ही हात काठाला गेले, की त्याचा हात तिच्या गळ्याला. दोघींपैकी एकीनंही टोपलं सोडलं नव्हतं. "काहून नाही टाकलं?" असं हवालदारानं विचारलं, तर एक म्हणाली, "भाजी मातीत जाते न जी." जन्माची सवय ती.

विळा घेतल्याला चार दिवस झाले. सकाळची हजेरी चालू असताना तीच बाई ठाण्यात शिरली. गळ्यावर लाल वळ, मुठीत तुटलेली पोत.

"माया विळा तुमच्या कपाटात, अन मी मोकळ्या हातानं! ओरडली मी. कोनी नाही आलं. मंग हातच सोडले टोपल्याचे. सारे कोहळे त्याच्या पायावर गेले. लंगडत पयाला तो."

मग आवाज उतरला. "नवरा म्हन्ते, आता बाजार बंद. दोन पोरी शिकून राहिल्या माया. घरी बसून कसं होईन, साहेब?"

मला शरम वाटली. फिर्याद मी स्वतः लिहून घेतली.

दवाखाने पालथे घातले, काही हाती लागलं नाही. आमचा हवालदार वऱ्हाडातलाच, जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, असा मानूस दवाखान्यात जात नाही. हाड बसवनाऱ्याकडं जाते." दोन दिवसांत अचलपूरकडच्या एका हाडवैद्यानं खबर दिली. एक जण पायाचं हाड बसवून गेला होता. म्हणे बैलानं पाय दिला.

माणूस ठाण्यात आणला. शेतकऱ्याच्या घरचा, बोलण्यात गोड. बैलाचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. आवाज चढवून काही होणार नाही, हे मला दिसत होतं. मी चहा मागवला आणि विचारलं, "बैल घरचाच?"

"हो जी, घरचाच."

"नाव काय त्याचं?"

आमच्याकडचा शेतकरी पोराचं वय सांगताना चुकेल, पण बैलाचं नाव झोपेतही सांगेल. याला एक नाव जुळवता येईना. गोठा कधीचा रिकामा होता, हे नंतर कळलं. अर्ध्या तासात त्यानं तिन्ही गुन्हे कबूल केले. आधीच्या दोघींच्या गळ्यातल्या पोती त्याच्या घरातून पंचांसमक्ष जप्त झाल्या.

ओळख परेडमध्ये बाईनं त्याला लगेच ओळखलं. बाहेर आल्यावर मी चुकल्यासारखा उभा होतो, तर तीच म्हणाली, "विळा घेतला ते बरंच झालं म्हना. हातात असता त चालवलाच असता म्या. मंग तो मसनात अन मी तुमच्या कोठडीत. पोरींकडं कोन पाह्यलं असतं?"

एवढं बोलून ती गेली. तिनं मला माफ केलं की टोमणा मारला, ते मला समजलं नाही. ती पुन्हा बाजारात येईल का, हीच काळजी लागली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळीच स्टँडवर गेलो. नांदगावची गाडी लागली. ती उतरली, मागून तिचं टोपलं उतरलं. मला इतकं बरं वाटलं की मी गणवेशातच धावत गेलो. आभार मानायचे होते, चूक कबूल करायची होती.

"बाई, त्या दिवशी माझं..."

"मंग बोला साहेब. आधी हात लावा, वजन हाये."

मी टोपल्याला हात घातला. तिनं मात्र उचललं नाही. आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे.

"पाय मांगं घ्या. काई झालं त मी सोडून देईन."

मी पाय मागे घेतला. टोपलं डोक्यावर चढलं आणि ती बाजाराच्या गर्दीत चालू लागली. खाकी पाहूनही ती सावध होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत बायकांना 'सावध राहा' म्हणजे नेमकं काय करा, हे मला सांगता आलं नव्हतं. ते त्या बाईनं मला शिकवलं, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.